गुप्त वाटेचे दप्तर
अमेरिकेतील ‘भूमिगत लोहमार्गा’चा स्थानिक इतिहास कसा शोधतात

ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतल्या एखाद्या जुन्या गावी गेले, की तेथील एखादे दगडी वा विटांचे घर दाखवून गावकरी अभिमानाने सांगतात की, गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतून पळून आलेली माणसे याच घराच्या तळघरात दिवसभर लपून राहत आणि रात्र पडली की पुढच्या मुक्कामाला निघत. यांपैकी काही घरे त्या इतिहासाची खरोखरच साक्षीदार आहेत. पुष्कळांच्या बाबतीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो यापलीकडे आधार सापडत नाही. आणि तो सापडावा तरी कसा? ज्या कृत्याबद्दल कायद्याने एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती, जे अंधारात उरकायचे आणि उजेडात ज्याविषयी अवाक्षर काढायचे नाही असा दंडक होता, त्याचा दाखला पावणेदोनशे वर्षांनंतर कोणत्या दप्तरात मिळणार?

तो मिळतो, आणि अनेकदा अपेक्षेपेक्षा भरघोस मिळतो. मात्र तो मिळण्यासाठी शोधाचे तोंड फिरवावे लागते. घर हाती धरून त्यात कोण लपले असेल असे विचारीत बसण्यापेक्षा, जो माणूस पळाला त्याचे नाव हाती धरून तो कोठून निघाला आणि कोठे पोहोचला असे विचारले, तर एकेक कागद बोलू लागतो. या लेखात ती रीत टप्प्याटप्प्याने समजून घ्यावयाची आहे.

रूळ नसलेला लोहमार्ग

इंग्रजीत ज्याला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणत, तो भूमिगत लोहमार्ग म्हणजे गुलामगिरीतून पळणाऱ्या माणसांना मदत करणाऱ्यांचे एक सैलसर जाळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत आगगाडी नवी होती आणि तिची परिभाषा लोकांच्या तोंडी बसू लागली होती. तीच परिभाषा या गुप्त कार्याने उचलली. वाट दाखवणारा तो ‘कंडक्टर’, आसरा देणारे घर ते ‘स्टेशन’, आणि पळून येणारी माणसे ते ‘उतारू’. या मार्गाला कोणी एक मुख्याधिकारी नव्हता आणि त्याचा सगळा नकाशा कोणाजवळही नव्हता. विहिरीचा गाळ उपसताना तळापासून काठापर्यंत माणसे उभी राहतात आणि भरलेली पाटी हातोहात वर जाते. मधल्या माणसाला खालून देणारा हात आणि वर घेणारा हात एवढेच ठाऊक असते. या मार्गावरील प्रत्येक घराची माहितीही तेवढीच असे. पकडला गेलेला एखादा मनुष्य छळाखाली बोलला, तरी त्याच्या बोलण्याने फार तर दोन घरे उघडी पडत.

सर्वांनी उत्तरेचीच वाट धरली असेही नाही. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी रद्द केल्यामुळे टेक्सासकडील माणसे दक्षिणेला पळत. व्हर्जिनिया आणि कॅरोलिनाच्या बंदरांतून काही जण जहाजांत दडून न्यू बेडफर्डसारख्या बंदरी उतरत. तथापि सर्वांत गजबजलेल्या वाटा दोन होत्या. एक मेरिलँड आणि डेलावेअरमधून फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क व पुढे कॅनडाकडे जाई. दुसरी केंटकीच्या सीमेवरील ओहायो नदी ओलांडून ओहायो आणि इंडियाना राज्यांतून वर चढे.

कॅनडापर्यंत जाण्याचे कारण कायद्यात होते. पळालेल्या गुलामास परत धरून नेण्याचा हक्क मालकाला १७९३ सालच्या कायद्यानेच मिळाला होता. १८५० च्या कायद्याने तो फारच कडक झाला. धरलेल्या माणसाला पंचांपुढील सुनावणी नाही, स्वतःच्या बाजूने जबानी देण्याची मुभा नाही, आणि निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्यास मालकाच्या स्वाधीन केले तर दहा डॉलर मेहनताना, सोडून दिले तर पाच, अशी त्याची तरतूद होती. परिणामी उत्तरेतील ‘स्वतंत्र’ राज्येही सुरक्षित राहिली नाहीत. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ सालापासून गुलामगिरी बंद झाली होती. म्हणून कॅनडाची सरहद्द हेच खरे अभय ठरले.

गुपिताचे कागद कोणी लिहिले?

गुप्त गोष्टीचे कागद होत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. एका पलायनाशी तीन पक्षांचा संबंध येई: ज्याची ‘मालमत्ता’ गेली तो मालक, मदत करणारे, आणि कायदा चालवणारे सरकार. तिघांनीही आपापल्या कारणांसाठी लेखणी उचललेली आहे.

मालक वर्तमानपत्रात जाहिरात देई. माणूस ओळखू यावा हाच हेतू असल्यामुळे तीत नाव, वय, उंची, वर्ण, अंगावरील व्रण, बोलण्याची ढब, अंगातील कसब, नेसलेले कपडे आणि तो कोणीकडे गेला असेल याचा अंदाज, असे सारे येई. अशा हजारो जाहिराती आता कॉर्नेल विद्यापीठातील एका प्रकल्पाने एकत्र करून सर्वांना पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. ज्यांना माणूस म्हणून मोजलेच जात नव्हते अशांचे वर्णन इतक्या बारकाईने दुसरीकडे क्वचितच सापडते. मालकाने त्यांना परत बांधण्यासाठी जे लिहिले, तेच आज त्यांची ओळख पटवते.

सरकारी खानेसुमारीशी याची तुलना करून पाहावी. १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत मालकाचे नाव ठळक आणि त्याखाली गुलामांची फक्त वये, लिंग आणि वर्ण. नाव जवळजवळ कोठेच नाही. या याद्यांत पळून गेलेल्यांसाठी एक रकाना आहे, आणि त्याची देशभराची बेरीज १८५० साली १,०११ तर १८६० साली ८०३ भरते. तीस-चाळीस लक्ष गुलामांच्या लोकसंख्येत हा आकडा फार लहान वाटतो. मात्र मालकांनी सांगितले तेवढेच त्यात आले हे ध्यानात ठेवले पाहिजे. परत धरून आणलेले त्यातून गळाले आणि सांगण्यास संकोच वाटला तेही गळाले. त्याच १८५० च्या खानेसुमारीत प्रथमच प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव आणि जन्मस्थान नोंदले गेले, ही स्थानिक संशोधकाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातील एखाद्या गावी मेरिलँड वा व्हर्जिनियात जन्मलेली कृष्णवर्णीय कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहताना दिसली, म्हणजे पळून येणाऱ्यांना आसरा कोठे मिळत असावा याचा पहिला संकेत मिळतो.

तिसरा पक्ष मदत करणाऱ्यांचा. यांनी कागद ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करणे होते. अनेकांनी भीतीपोटी आपले कागद नष्टही केले. तरी काहींनी ते ठेवले, आणि त्यांत विल्यम स्टिल यांचे नाव सर्वांत आदराने घ्यावे लागते. फिलाडेल्फियातील मदत-समितीचे हे कृष्णवर्णीय कार्यवाह पळून आलेल्या प्रत्येकाला समोर बसवून विचारीत: पूर्वीचे नाव काय, आता कोणते घेतले, मालक कोण, मागे कोण कोण राहिले. १८५० साली असाच एक अनोळखी मनुष्य आपल्या आईबापांचा शोध घेत त्यांच्या कचेरीत आला, आणि त्याची हकीकत ऐकता ऐकता स्टिल यांना उमगले की, आपली आई पळून येताना मागे राहिलेला आपला सख्खा भाऊ पीटर हाच आहे. विखुरलेली कुटुंबे केव्हा तरी एकमेकांना सापडावीत, ही त्यांच्या नोंदींमागील प्रेरणा या प्रसंगाने किती बळावली असेल हे सांगावयास नको. ही कागदपत्रे त्यांनी लेबनॉन दफनभूमीतील एका इमारतीत दडवून ठेवली आणि अमेरिकेतील यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाल्यानंतर, १८७२ साली, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांची एक मूळ नोंदवही आजही पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास-संस्थेत जपलेली आहे.

न्यूयॉर्कमध्ये सिडनी हॉवर्ड गे या संपादकाने १८५५-५६ साली अशीच एक नोंदवही ठेवली. दोनशेहून अधिक माणसांची हकीकत तीत आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संग्रहात ती पडून होती. एरिक फोनर या इतिहासकाराने २०१५ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा पुरेपूर उपयोग करीपर्यंत तिचे महत्त्व थोड्यांनाच कळले होते. स्टिल यांच्याकडून निघालेली माणसे काही दिवसांनी गे यांच्याकडे पोहोचलेली दिसतात. दोन स्वतंत्र हातांनी लिहिलेल्या नोंदी एकमेकींना दुजोरा देतात. दोन गावांच्या नोंदी अशा जुळल्या, म्हणजे त्यांमधील वाट नकाशावर ठामपणे आखता येते.

तीन कागद, एक कुटुंब

ही जुळणी प्रत्यक्षात कशी होते हे एका उदाहरणावरून पाहू. मेरिलँड राज्यातील डॉर्चेस्टर काउंटीत बकटाउन नावाचे खेडे आहे. तेथील एलायझा ब्रोडेस या विधवा मालकिणीने ३ ऑक्टोबर १८४९ या तारखेने केंब्रिज गावच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात दिली. गेल्या महिन्याच्या १७ तारखेस, सोमवारी, तिघे पळाले: हॅरी, वय सुमारे १९, बेन, वय सुमारे २५, आणि मिंटी, वय सुमारे २७, तांबूस तपकिरी वर्णाची, देखणी, उंची पाच फुटांच्या आसपास. राज्याबाहेर धरून दिल्यास प्रत्येकी शंभर डॉलर, राज्यात सापडल्यास पन्नास. त्या वर्तमानपत्राची प्रत २००३ साली सापडली, आणि मिंटी म्हणजेच पुढे हॅरिएट टबमन या नावाने जगाला ठाऊक झालेली स्त्री, हे जाणणाऱ्या अभ्यासकांच्या हाती पलायनाचा नेमका दिनांक आला. दोघे भाऊ भीतीने माघारी फिरले, त्यांच्याबरोबर तीही परतली, आणि मग लवकरच ती एकटी निघून फिलाडेल्फियाला पोहोचली.

दुसरा कागद पाच वर्षांनंतरचा. डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथे टॉमस गॅरेट नावाचे क्वेकर पंथीय लोखंडाचे व्यापारी राहत. १८४८ साली पळून येणाऱ्यांना मदत केल्याबद्दल त्यांच्यावर खटला होऊन जबर दंड बसला होता, तरी त्यांनी हे काम सोडले नाही, आणि आपण मदत केलेल्यांची मोजदादही ठेवली. ती सुमारे २,७०० पर्यंत गेली. २९ डिसेंबर १८५४ च्या त्यांच्या पत्रात असा मजकूर आहे की, हॅरिएट टबमन सहा पुरुष व एक स्त्री यांना घेऊन आली होती, त्यांना काल रात्री पुढे रवाना केले. तिचे आणि एका पुरुषाचे जोडे चालून चालून पार झिजून गेले होते, म्हणून दोन डॉलर दिले आणि आपल्या खर्चाने गाडी ठरविण्यास सांगितले. जोड्यांचा आणि दोन डॉलरांचा हा साधा तपशील वाचताना डिसेंबरच्या थंडीत उघड्या पायांनी संपवलेली ती वाट डोळ्यांपुढे उभी राहते.

तिसरा कागद त्याच डिसेंबरच्या अखेरीचा, विल्यम स्टिल यांच्या नोंदीचा. त्यात टबमनचे तीन भाऊ आले आहेत. जाहिरातीतील बेन आता जेम्स स्टुअर्ट झाला आहे. हॅरीने, म्हणजे हेन्रीने, स्टुअर्ट हेच आडनाव घेतले आहे. तिसरा भाऊ रॉबर्ट हा जॉन स्टुअर्ट झाला आहे. नाताळ उलटताच त्यांना विक्रीस काढायचे ठरले होते, म्हणून बहीण स्वतः त्यांना नेण्यासाठी आली होती. स्टिल यांनी जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी लिहिले नसते, तर कॅनडातील सेंट कॅथरिन्सचा स्टुअर्ट आणि बकटाउनचा बेन रॉस एकच, हे सिद्ध करणे आज कठीण झाले असते.

या तीन कागदांमध्ये उरलेली जागा तोंडी परंपरेने भरून निघते. जाताना हे भाऊ आपल्या आईवडिलांच्या घराजवळ थांबले. त्यांचे वडील बेन रॉस यांनी मुलांना भेटण्यापूर्वी डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. उद्या कोणी शपथ घालून विचारले, तर मुलांना आपण पाहिले नाही असे खरेपणाने सांगता यावे म्हणून. ही गोष्ट टबमन यांच्या एकोणिसाव्या शतकातील चरित्रामुळे सर्वतोमुखी झाली. जाहिरात, पत्र आणि नोंदवही यांनी माणसे, काळ आणि वाट निश्चित केल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवण्यास जागा मिळते. मात्र त्याच चरित्रात, टबमन यांनी एकोणीस खेपा करून तीनशे माणसे सोडवली असेही लिहिले होते, आणि हा आकडा शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. पुढे इतिहासकार केट क्लिफर्ड लार्सन यांनी एकेका खेपेचा कागदोपत्री माग काढला तेव्हा सुमारे तेरा खेपा आणि सुमारे सत्तर माणसे असा हिशेब निघाला. या हिशेबाने टबमन यांचे कर्तृत्व कमी होत नाही. तीनशे हा नुसता आकडा होता. सत्तरांतील पुष्कळांना आता नाव आहे, गाव आहे आणि नातेवाईक आहेत.

आठवण आणि आख्यायिका

स्थानिक इतिहासाचे मोठे भांडार म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, आणि तेथेच सर्वांत अधिक सावधगिरी लागते. ओहायोतील प्राध्यापक विल्बर सीबर्ट यांनी १८९० च्या दशकात हयात असलेल्या मदतनिसांना व त्यांच्या मुलाबाळांना प्रश्नावल्या धाडून शेकडो पत्रे गोळा केली, आणि १८९८ साली आपल्या ग्रंथात ३,२०० हून अधिक मदतनिसांची यादी छापली. त्यांनी हे केले नसते तर पुष्कळ काही कायमचे बुडाले असते. परंतु या आठवणी तीस-चाळीस वर्षांनी लिहिलेल्या, गुलामगिरी हरल्यानंतरच्या, म्हणजे मदत करणे हा गुन्हा न राहता भूषण झाल्यानंतरच्या होत्या. आणि त्या मुख्यतः गोऱ्या कुटुंबांकडून आल्या होत्या. त्यामुळे त्यांत दयाळू गोरा यजमान उठून दिसतो, आणि ज्याने जिवावर उदार होऊन शेकडो मैल तुडवले तो पाहुणा बहुधा निनावी राहतो.

हा असमतोल इतिहासकार लॅरी गारा यांनी १९६१ साली साफ शब्दांत दाखवून दिला: पळणाऱ्यांतील बहुतेकांनी निम्म्याहून अधिक वाट कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच्या बुद्धीने पार केली होती, आणि मदत मिळाली ती पुष्कळदा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेजाऱ्यांची होती. पुढे इतिहासकार चार्ल्स ब्लॉक्सन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांकडील परंपरा आणि कागद यांचा सांधा जोडला. आपला पूर्वज या मार्गाने पळाला होता असे ते लहानपणी आजोबांकडून ऐकत आले होते. पुढे स्टिल यांच्या ग्रंथात आपल्याच कुळातील जेकब ब्लॉक्सन यांची हकीकत त्यांना छापलेली सापडली. ओहायो नदीकाठच्या रिप्ले गावातील जॉन पार्कर यांचेही असेच झाले. स्वतः गुलामगिरीतून मोकळे झालेले आणि ओतशाळा चालवणारे हे गृहस्थ रात्री नदी ओलांडून केंटकीतून माणसे आणीत. त्यांनी १८८० च्या दशकात एका पत्रकाराला सांगितलेली आत्मकथा हस्तलिखित स्वरूपात पडून राहिली आणि १९९६ साली ग्रंथरूपाने बाहेर आली. त्याच गावच्या टेकडीवरील पाद्री जॉन रँकिन यांचे घर मात्र केव्हाच प्रसिद्ध झाले होते.

आख्यायिका कशी पारखावी याचे ठळक उदाहरण गोधड्यांचे. अंगणात वाळत घातलेल्या गोधडीवरील नक्षी म्हणजे पळणाऱ्यांसाठी सांकेतिक खूण होती, असे सांगणारे एक पुस्तक १९९९ साली निघाले आणि शाळाशाळांतून ही गोष्ट शिकवली जाऊ लागली. तिचा मूळ आधार म्हणजे दक्षिण कॅरोलिनातील गोधड्या विकणाऱ्या एका बाईंची कौटुंबिक हकीकत. अभ्यासकांनी मग पुढील प्रश्न विचारले. स्टिल यांच्या नोंदींत गोधडीची खूण येते काय? स्वतः पळालेल्यांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांत येते काय? १९३० च्या दशकात सरकारने पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती घेतल्या, त्यांत येते काय? कोठेच येत नाही. जी रीत सर्वांना ठाऊक असल्यावाचून उपयोगाचीच नव्हती, तिचा उल्लेख दीडशे वर्षांत कोणीही केला नाही, हे मौन बोलके आहे. एखादी कथा पहिल्यांदा केव्हा आणि कोणाकडून सांगितली गेली, हा प्रश्न संशोधकाने नेहमी हाताशी ठेवावा.

घराची साक्ष कशी काढावी

आता त्या तळघराकडे वळू. एखाद्या घराविषयी दावा ऐकला की प्रथम काउंटीच्या दप्तरात जाऊन जमिनीची खरेदीखते काढावीत आणि कराच्या याद्या पाहाव्यात. एखाद्या वर्षी त्या जागेवरील कर एकदम वाढलेला दिसला, तर इमारत त्या सुमारास उठली असा तर्क करता येतो. आणि ती १८७० नंतरची निघाली तर दावा तेथेच संपतो. इमारत जुनी असली तरी, त्या वर्षांत तिचा धनी कोण होता आणि राहत कोण होते हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. भुयार म्हणून दाखवला जाणारा विटांचा बोगदा पुष्कळदा पावसाचे पाणी साठवण्याची टाकी, सांडपाण्याचा नळ वा कंदमुळे ठेवण्याची थंड कोठडी निघते. पळून आलेली माणसे बहुधा माळ्यावर, गोठ्यात, मक्याच्या शेतात किंवा सरळ घरातल्या खोलीत झोपत. त्यासाठी कोणी भुयार खणीत बसत नसे.

मग धनी कोण हे कळल्यावर त्याचे विचार काय होते ते पाहावे. गुलामगिरीविरोधी संस्थांच्या वर्गणीदारांच्या याद्या, विधिमंडळाकडे धाडलेल्या अर्जांवरील सह्या, चर्चच्या सभांची इतिवृत्ते, क्वेकरांच्या मासिक सभांच्या वह्या हे सारे त्यासाठी उपयोगी पडते. एवढ्याने मनुष्य गुलामगिरीचा विरोधक होता हे सिद्ध होते. त्याने कोणाला घरात घेतले हे सिद्ध होत नाही, आणि या दोहोंत गल्लत करू नये. गावातील कृष्णवर्णीयांची वस्ती, त्यांचे चर्च आणि त्यांची दफनभूमी यांचा शोध आधी घ्यावा, कारण अनोळखी गावात पळून आलेला उतारू प्रथम तिकडेच वळे.

न्यायालयाच्या दप्तरात मदत करणाऱ्यांवरील खटले मिळतात. पेनसिल्व्हेनियातील क्रिस्टियाना येथे ११ सप्टेंबर १८५१ रोजी गुलाम धरण्यास आलेल्या मालकाशी झुंज होऊन तो मारला गेला; पुढील राजद्रोहाच्या खटल्यामुळे त्या आडगावातील कोणाचे घर कोठे, कोण कोणाकडे राबत होते, याची जबान्यांतून तपशीलवार नोंद झाली. युद्धानंतरची दप्तरेही विसरू नयेत. उत्तरेच्या सैन्यात सुमारे एक लक्ष एकोणऐंशी हजार कृष्णवर्णीय शिपाई होते. त्यांच्या वा त्यांच्या विधवांच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जांत जन्मगाव, पूर्वीचा मालक, बदललेले नाव यांवर शेजाऱ्यांच्या जबान्या आहेत. सरहद्दीपलीकडे कॅनडाची १८६१ ची खानेसुमारी आणि बेंजामिन ड्रू यांनी तेथील शंभराहून अधिक जणांच्या घेतलेल्या, १८५६ साली छापलेल्या मुलाखती आहेत. ओहायोतल्या वाटेचा शेवट ओंटारियोच्या दप्तरात सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

कधी कधी कागद आणि माती एकमेकांना भेटतात. डोळ्यांवर रुमाल बांधणाऱ्या त्याच बेन रॉस यांच्याविषयी त्यांचे मालक अँथनी थॉम्प्सन यांच्या मृत्युपत्रात अशी कलमे होती की, आपल्या निधनानंतर पाच वर्षांनी बेनला मुक्त करावे आणि दहा एकर जमीन त्याला हयातीपर्यंत वापरू द्यावी. ती जमीन आता दलदलीच्या एका अभयारण्यात आहे. जुन्या दस्तऐवजांवरून जागेचा अंदाज बांधून पुरातत्त्वज्ञ जूली शाब्लित्स्की यांच्या पथकाने तेथे उत्खनन केले, आणि १८०८ सालचे अर्ध्या डॉलरचे नाणे, एकोणिसाव्या शतकातील चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे व विटा हाती आल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये, बेन रॉस यांच्या घराची जागा सापडल्याचे जाहीर झाले.

┌───────────────
चौकट: शोध घेणाऱ्यासाठी थोडक्यात

• पलायन केलेल्या माणसापासून आरंभ करावा. घर त्याच्या वाटेवर येईल तेव्हा येईल.
• जाहिरात, मदतनिसाची नोंद आणि सरकारी दप्तर यांपैकी किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळावेत.
• जुने व नवे अशी दोन्ही नावे शोधावीत. पलायनानंतर नाव बदलणे हा जवळजवळ नियम होता.
• आठवण कोणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत सांगितली हे तिच्याजवळच लिहून ठेवावे.
• घराचा काळ खरेदीखतावरून ठरवावा, तळघरावरून ठरवू नये.
• सिद्ध, संभाव्य आणि केवळ ऐकीव असे तीन वर्ग करून प्रत्येक दावा आपापल्या जागी ठेवावा.
└───────────────

हा खटाटोप कशासाठी?

अमेरिकेच्या संघ सरकारने १९९८ साली कायदा करून या इतिहासाच्या स्थळांची राष्ट्रीय मालिका उभारण्याचे काम राष्ट्रीय उद्यान खात्याकडे दिले. स्थळाचा समावेश व्हावा म्हणून अर्ज कोणीही करू शकतो. मात्र त्या स्थळाचा एखाद्या पलायनाशी असलेला संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. यामुळे शाळाशिक्षक, ग्रंथपाल आणि निवृत्त कारकून अशा हौशी संशोधकांनी आपापल्या गावची दप्तरे धुंडाळली, आणि शेकडो स्थळे या मालिकेत दाखल झाली. आज ओहायो, न्यू जर्सी वा पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे दप्तर खुले आहे. आपण राहतो त्या गावाचा इतिहास उजेडात आणण्याचा अधिकार त्या गावच्या प्रत्येक रहिवाशाचा आहे.

आणि या इतिहासाशी महाराष्ट्राचे एक जुने, खरे नाते आहे. विल्यम स्टिल यांचा ग्रंथ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांची गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनीही त्यांचे उदाहरण घेऊन शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे अशी आशा व्यक्त केली. ते सज्जन कोण होते, या प्रश्नाचे उत्तर पुण्याहून पाहताना ठळक दिसणाऱ्या थोड्या नावांपुरते राहणे साहजिक होते. स्थानिक संशोधनाने आता ती यादी वाढवली आहे. तीत टॉमस गॅरेट आहेतच. पण त्यांच्या दोन डॉलरांची ज्यांना गरज पडली ते झिजल्या जोड्यांचे प्रवासी त्यांच्या आधी आहेत, आणि मुलांसाठी डोळे बांधून घेणारे बेन रॉस, जुने नाव पुसू न देणारे स्टिल, रात्री नदी ओलांडणारे पार्कर हेही आहेत. फुल्यांनी पुण्याहून पाठवलेली कृतज्ञता योग्य त्या प्रत्येक नावापर्यंत पोहोचवण्याचे काम दप्तरे चाळणारे हे हौशी संशोधक करीत आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला याहून चांगले काम मिळत नाही.